मोकळ्या हवेतलं शून्य

३ जानेवारी, सोमवार

कामाचं रजिस्टर वेगळं आणि ही वही वेगळी. रजिस्टरात मी दोन ओळी लिहितो, तेल बदललं, प्लग साफ केले, खाली सही. पोटातलं सगळं इथे येतं.

आज क्लबचे सेक्रेटरी माझ्या खोलीत आले आणि टेबलावर तीन खोकी ठेवून म्हणाले, "मिस्त्री, यातलं एक निवडा. वीस तारखेपर्यंत कागदावर लिहून द्या. एकवीसला विमान डोंगरापलीकडे जाणार."

तिन्ही खोक्यांत कार्बन मोनॉक्साइड ओळखणारी यंत्रं आहेत. आमच्या फ्लाइंग क्लबकडे चार सीटचं एकच विमान. त्याच्या केबिनला ऊब मिळते ती इंजिनाच्या सायलेन्सरवरून. सायलेन्सरभोवती पत्र्याचं वेष्टण असतं, बाहेरची हवा त्यातून फिरते, तापते आणि आत येते. सायलेन्सरला केसाएवढी चीर पडली की धुरातला तो वायू त्याच हवेबरोबर केबिनमध्ये शिरतो. त्याला ना वास, ना रंग. माणूस आरामात बसल्या जागी मरतो.

मागच्या महिन्यात आमचे पायलट कॅप्टनसाहेब थोडक्यात वाचले. विमान त्यांनी धावपट्टी सोडून दोन मैलांवरच्या शेतात उतरवलं, चाकं मातीत रुतली. मी पोचलो तेव्हा ते सीटवर बसून हसत होते. म्हणाले, "मागे कोणीतरी बसलं होतं, मिस्त्री. फार माया करून सांगत होतं, आता उतर म्हणून." मागची सीट रिकामी होती. सायलेन्सर सोडवला तर चीर सापडली. ती मीच वेल्डिंग करून भरली. कॅप्टनसाहेबांनी उड्डाण सोडलं ते सोडलंच.

त्यांच्या जागी आता चिमणी उडवणार. चिमणी म्हणजे माझ्या अक्काची नात. म्हणून हे खोकं निवडणं माझ्यासाठी नुसतं काम नाही.

५ जानेवारी

दिवसभर खोलीची मांडामांड केली. माझी खोली विमानाच्या शेडला लागून आहे. एक टेबल, दोन खुर्च्या, एक लोखंडी कपाट आणि गॅसचा हीटर. त्याची धुराची नळी कपाटामागून भिंतीतून बाहेर जाते.

चाळीस वर्षांत माझा एक नियम आहे. कुठलंही नवं उपकरण आधी माझ्या टेबलावर तीन दिवस बसवायचं. इथे शहाण्यासारखं वागलं तरच विमानात जायचं. उंची दाखवणारी घड्याळं, दाबमापकं, सगळी या टेबलावरून गेली आहेत.

हवा मोजणाऱ्या यंत्राला हवा स्थिर लागणार. म्हणून खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली. दाराखाली जुनी सतरंजी गुंडाळून ठेवली. बाहेर पेट्रोलचा टँकर येतो, त्याचा वाससुद्धा आत यायला नको. टेबलाला जागा हवी म्हणून कपाट खांद्याने रेटून भिंतीला घट्ट लावलं. मागे काहीतरी टक् करून वाजलं. कपाटाचा पाय असेल.

आता खोली डबीसारखी झाली आहे. हीटर लावला की कशी ऊब धरते! हाडांना बरं वाटलं.

६ जानेवारी

तिघांची ओळख करून घेतली.

पहिलं साधं कार्ड. मधे नारिंगी ठिपका. वायू असेल तर ठिपका काळवंडतो. आवाज नाही, दिवा नाही. उडवणाऱ्याची नजर त्याच्याकडे गेली तर उपयोग, आणि वायू आधी नजरच मंद करतो. शिवाय पाकीट फोडल्यावर काही महिनेच चालतं.

दुसरा घरगुती अलार्म, पांढरा, बशीएवढा. मोठ्याने ओरडतो, पण माहितीपत्रक वाचलं तर वायू बराच वेळ साचल्यावरच ओरडतो. घरात झोपलेल्या माणसाला ठीक. विमानात तेवढ्या वेळात डोंगर येतो.

तिसरं खरं विमानासाठी केलेलं, काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं. आकडा दाखवतं. हवेच्या दहा लाख भागांत वायूचे किती भाग, तो आकडा. पन्नासला लाल दिवा लुकलुकतो आणि यंत्र थरथरतं. मला हेच आवडलं. पण आवडणं वेगळं आणि पारखणं वेगळं.

संध्याकाळी तिसऱ्याने १४ दाखवले. कोऱ्या हवेत शून्य हवं. नवं आहे, अंगवळणी पडेल.

८ जानेवारी

कपाळ ठणकतंय. चष्म्याचा नंबर वाढला असणार. घरी गेलं की उतरतं, सकाळी इथे येऊन तासभर बसलं की पुन्हा चढतं. बारीक अक्षरातली माहितीपत्रकं वाचायची म्हणजे हे व्हायचंच.

तिसऱ्याचा आकडा आज ३१. कार्डाचा ठिपका मळकट दिसतो. माझ्या तेलकट बोटांनी तो मळवला असेल. माझ्या बोटांनी आजवर काय मळवलं नाही!

१० जानेवारी, सोमवार

दुपारी घरगुती अलार्मने बोंब ठोकली. मी खुर्चीतून पडता पडता वाचलो. बंद करावा तर पुन्हा ओरडतो. शेवटी बॅटरीच काढून टाकली.

सेक्रेटरी आवाज ऐकून धावत आले. "काय झालं हो?"

"काही नाही. हा कांगावखोर आहे. बंद खोलीत, ना इंजिन ना गाडी, तरी गळा काढतो."

ते खुर्चीत बसले, कागद चाळायला लागले. अर्ध्या तासात तीनदा जांभया दिल्या आणि उगाच माझ्यावर खेकसले. "मिस्त्री, तुम्ही साध्या गोष्टीचा फार काथ्याकूट करता. डोकं दुखायला लागलं माझं." मग दार आपटून गेले. मोठा माणूस, पण हल्ली चिडचिडा झालाय.

तर हिशेब असा. कार्ड काळं पडतंय, अलार्म ओरडतोय, तिसरं ४४ दाखवतंय. तिघंही खोटं बोलतात. आणि तिघंही एकच खोटं बोलतात, हे जरा चमत्कारिक आहे. एकाच गोदामातून आली असतील, तिथेच बिघडली असतील.

१२ जानेवारी

लिहू की नको असं झालंय. पण ही वही माझी आहे, लिहितो.

मी शाळा फार पाहिली नाही. इंजिनांची पुस्तकं मला अक्काने वाचून दाखवली. परक्या भाषेतली पुस्तकं, शेजारी शब्दकोश. ती शब्द शोधून सांगायची, मी हातात पाना घेऊन ऐकायचो. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. डुलकी लागली की कान असा पिळायची की दोन दिवस लाल. "झोपायचंय तर रस्त्यावर झोप, माझी पानं फुकट घालवू नकोस," म्हणायची. माझी सगळी विद्या त्या कानातून आत गेली आहे. तिला जाऊन वीस वर्षं झाली.

आज दुपारी तिसऱ्या यंत्राचं पत्रक घेऊन बसलो होतो. डोळ्यांसमोर अक्षरं पोहत होती. आणि समोरच्या खुर्चीतून तिने वाचायला सुरुवात केली.

मी मान वर केली नाही. तिचं वाचन मधे तोडलेलं तिला आवडायचं नाही. शब्द नीट लागत नव्हते, पण लय तीच, ओळीच्या शेवटी घेतलेला तो छोटा श्वासही तोच. किती वेळ ऐकलं कोण जाणे. पाहिलं तर खुर्ची रिकामी होती आणि बाहेर ऊन उतरलं होतं.

भीती वाटली नाही. उलट घरी जाऊच नये असं वाटलं.

१३ जानेवारी

चिमणी आली होती. आल्या आल्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली, त्याच खुर्चीत.

"आजोबा, तुमची खोली म्हणजे रजई आहे. इथे आलं की झोपच येते."

"मग झोप."

"आणि मग तुम्ही सगळ्यांना सांगणार, पायलट दिवसा घोरते." हसली. मग कपाळ चोळत म्हणाली, "कुठलं यंत्र ठरलं?"

"तिसरं. पण ते जरा उतावळं आहे. कोऱ्या हवेत साठ दाखवतं. लाल दिवा लागतो, थरथरतं. त्याला आधी शिस्त लावायला हवी."

"लावा शिस्त. मला लावलीत तशी नको, म्हणजे झालं." थोड्या वेळाने उठली तर तोल गेला, टेबल धरलं. "पाय झोपला," म्हणाली.

ती गेल्यावर अक्का आली. आज आवाज अधिक जवळून आला. एकदा मला डुलकी लागली तर कान पिळला नाही. म्हणाली, "झोप, मी वाचते पुढे." वय झालं की माणूस मऊ होतं. मेल्यावरही होत असेल.

१५ जानेवारी

अक्का म्हणते शून्य करून टाक. बटण धरून ठेव म्हणते, मी मोजते.

मोजते आहे.

१७ जानेवारी, सोमवार

वर पंधरा तारखेला दोन ओळी आहेत. अक्षर माझंच, फक्त उजवीकडे घसरत गेलेलं, वहीच्या कडेवरून टेबलावर उतरल्यासारखं. लिहिल्याचं मला आठवत नाही.

पण यंत्र शून्यावर आहे. म्हणजे काम झालं आहे.

पत्रकात तशी सोय दिलीच आहे. आकडा बिघडला तर मोकळ्या, शुद्ध हवेत बटण दहा मोजेपर्यंत धरावं, यंत्र त्या हवेला शून्य मानतं. माझ्या खोलीएवढी शुद्ध हवा या आवारात आहे कुठे? बाहेर टँकर, ट्रॅक्टर, विमानाचा धूर. इथे चिकटपट्टीतून मुंगी येत नाही. तरी एकदा आपण होऊन विचार करून केलं असतं तर बरं होतं. हातून काय होतंय हे हाताला माहीत आणि मला नाही, हे आवडलं नाही.

आज यंत्र विमानात नेलं. दारं लावून इंजिन चालू केलं, हीटर चालू करायचं बोंड ओढलं, वीस मिनिटं बसलो. आकडा शून्य. माझं वेल्डिंग पक्कं आहे तर! सायलेन्सरवर वरून एकदा बॅटरी मारून पाहिली. वेष्टण सोडवून पाहायचं होतं, पण वाकलं की भोवळ येते. यंत्र शून्य म्हणतंय, मग वेष्टण कशाला सोडवा.

१९ जानेवारी

यंत्राचा एक चाळा सापडला. शेडबाहेर, दारं उघडी, इंजिन बंद, अशा वेळी आकड्याच्या जागी नुसत्या तीन आडव्या रेघा येतात. माझ्या खोलीत आणलं की मुकाट्याने शून्य. बाहेर नेलं की रेघा.

चिमणी म्हणाली, "बाहेर इतकी शुद्ध हवा आहे की आकडाच सापडत नाही त्याला."

"गारठतं ते. थंडीत माझीही बोटं अशीच आडवी होतात."

मी त्याला लोकरीचं टोपडं शिवलं, समोर काचेपुरतं भोक ठेवून. चिमणी पोट धरून हसली. "आजोबा, आता दुपटं आणि खुळखुळा पण द्या." इंजिन लावलं, हीटर ओढला, दारं लावली. रेघा गेल्या, शून्य आलं.

"पाहिलंस? ऊब मिळाली की ताळ्यावर येतं."

"तुमचंच लेकरू ते," म्हणाली.

२० जानेवारी

सेक्रेटरींना लिहून दिलं. तिसरं यंत्र निवडलं आहे, टेबलावर पारखलं आहे, शून्य केलं आहे, विमानात इंजिन लावून पाहिलं आहे, निर्धोक. सही.

सहीनंतर अक्काने वाचणं थांबवलं. नुसती बसून राहिली असावी, खुर्ची करकरत होती. मी म्हटलं, "तुझ्या नातीसाठीच चाललंय सगळं." ती म्हणाली, "माहीत आहे. तिलाही वाचून दाखवीन."

घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. घरी आल्यावर, हवा लागल्यावर, त्यात वाईट काय होतं तेच कळेना. आजीने नातीला वाचून दाखवू नये का?

२१ जानेवारी, शुक्रवार

हे क्लबच्या ऑफिसात बसून लिहितो आहे. सगळं क्रमाने लिहितो, म्हणजे उद्या मलाच मी फसवणार नाही.

सकाळी चिमणी निघाली. जाताना एकटी, येताना डोंगरापलीकडच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंना आणायचं. बाहेर हाडं फोडणारी थंडी. टोपडं घातलेलं यंत्र मी स्वतः पुढच्या फळीवर बसवलं. तिने दार लावलं, हीटर ओढला, काचेतून मला बोटांनी शून्य करून दाखवलं आणि उडाली.

विमान बांधायचे दोर गोठून कडक झाले होते. ते सोडवत मी उघड्यावरच बसलो. आज खोलीत पाऊलही टाकलं नव्हतं. अर्धापाऊण तास गार वारा खाल्ला आणि डोकं धुतल्यासारखं हलकं झालं. दोन आठवड्यांत इतकं लख्ख वाटलं नव्हतं. खिशात पत्रक होतं. म्हटलं, त्या रेघांचं काय लिहिलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचू. अक्षरं जागच्या जागी उभी होती. वाचलं. तीन रेघा म्हणजे आकडा शून्याच्या खाली.

शून्याच्या खाली? हवेत वायू नाही म्हणजे शून्य. त्याहून कमी कसा असेल? कोऱ्या हवेहून कोरी हवा कुठून आणणार? माझं शून्यच शून्य नसेल तर मात्र...

खोलीतले साठ, आणि पंधरा तारखेपर्यंत आणखी किती चढले असतील कोण जाणे. मी त्या विषाला शून्य नाव दिलं होतं. बाहेरची हवा खरी कोरी, म्हणून बाहेर रेघा. आणि केबिनमध्ये इंजिन लावून, हीटर ओढून शून्य येतं, याचा अर्थ केबिनमध्ये खोलीएवढं विष आहे. ते मी तिच्या नाकासमोर बसवून दिलं, वर टोपडं घालून.

ऑफिसकडे पळालो. या वयात मी पळालो. सेक्रेटरी उठून उभे राहिले. मी वायरलेसचा माइक त्यांच्या हातातून ओढून घेतला.

"चिमणे! हीटर बंद कर! खिडकी उघड!"

नुसती खरखर. मग तिचा आवाज, मऊ, झोपेतून उठवल्यासारखा. "आजोबा, हळू बोला ना. मागे वाचन चाललंय."

"कसलं वाचन? मागची सीट रिकामी आहे!"

"माहीत आहे मला. पण छान वाचतंय कुणीतरी. थांबा, एवढं पान होऊ दे."

मी तिला अक्काबद्दल कधीच काही सांगितलेलं नाही. अक्का गेली तेव्हा ही चार वर्षांची होती. सेक्रेटरींचा चेहरा पांढरा पडला. माझं काय झालं ते मला माहीत नाही, पण तोंडातून जे बाहेर पडलं ते या वहीतही लिहिण्यासारखं नाही.

"गधडे, ऐकतेस का? लाल बोंड दिसतंय? ते आत ढकल. ढकललंस का? तोंडाने म्हण, ढकललं."

"ढकल... आजोबा, तुम्ही चिडलात?"

"हो, चिडलो! तुझी सात पिढ्यांची मस्ती उतरवतो, आधी बोंड ढकल!"

"ढकललं."

"आता डावीकडच्या खिडकीची कडी. वर कर. वारा आला का?"

"थंडी वाजते."

"वाजू दे. नाक खिडकीला लाव. रड, बोंबल, पण नाक बाहेर."

सेक्रेटरींनी नकाशा पसरला आणि मला खुणेने सांगत राहिले, तिला विचारा दिशा किती, उंची किती. मी विचारत राहिलो. ती कधी बरोबर सांगे, कधी भलतंच. एकदा म्हणाली, "आजोबा, ती रागावली, तुम्ही मधेच बोलता म्हणून."

"रागावू दे तिला. मी बघून घेईन. तू मला उंची सांग."

हे मी कोणाला म्हटलं, ते आता लिहिताना कळतंय.

दहा मिनिटांनी तिचा आवाज बदलला. खाकरली, मग खरखरीत म्हणाली, "डोकं फुटतंय माझं. मी कुठे आहे?" तो आवाज ऐकला आणि मी माइक सेक्रेटरींकडे दिला. सेक्रेटरींनी मला खुर्चीत बसवलं आणि पुढचं सगळं त्यांनी सांगितलं, एकदाही न खेकसता.

ती मागे फिरून आमच्याच धावपट्टीवर उतरली. एक चाक गवतात गेलं, पण उतरली. दार उघडून आधी ओकली, मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आजोबा, तुम्ही इतकं घाण बोलता?"

२४ जानेवारी, सोमवार

दवाखान्यात दोघांचंही रक्त तपासलं. चिमणीला दोन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरांनी मला विचारलं, तुम्ही बरोबर उडत होता का? म्हटलं, नाही, मी जमिनीवरच होतो. ते म्हणाले, "मग तुमच्या खोलीत कुठलं विमान आहे?"

आज सेक्रेटरी आणि मी मिळून कपाट ओढलं. मागे धुराची नळी सांध्यातून निसटलेली. पाच तारखेला मी कपाट रेटलं तेव्हाच टक् वाजली होती. सोळा दिवस हीटरचा धूर माझ्याच नाकात. खोली मी इतकी नीट बंद केली होती की पळून जायला फटच ठेवली नाही.

मग सायलेन्सरचं वेष्टण सोडवलं. माझ्या वेल्डिंगच्या कडेलाच नवी चीर. वेल्डिंग धरलं, बाजूचा पत्रा फाटला. त्या दिवशी वेष्टण सोडवलं असतं तर पाच मिनिटांत दिसली असती. आता नवाच सायलेन्सर बसवायचा.

कार्ड, अलार्म, तिसरं यंत्र, तिघंही पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती. घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होती. मी तिघांना खोटारडं ठरवलं, एकाची बॅटरी काढली, एकाला बोटांचा मळ लावला आणि तिसऱ्याला बसवून खोटं बोलायला शिकवलं. कारण माझं टेबल चुकत नाही. चाळीस वर्षं चुकलं नव्हतं.

रजिस्टरात सगळं लिहिलं. सेक्रेटरी म्हणाले, "सायलेन्सरची चीर लिहा, पुरे. खोलीचं कशाला? लोक नावं ठेवतील."

"लोकांनी नावं ठेवावीत म्हणूनच लिहितोय. पुढच्या मिस्त्रीचंही टेबल असेलच की."

निवड तिसऱ्याचीच कायम. पण शून्य करायचं ते उघड्या माळावर, वारा वाहत असताना, दोन माणसांनी, आणि दोघांनी सह्या करायच्या. आज सेक्रेटरी आणि मी तसंच केलं. नंतर यंत्र घेऊन मी खोलीच्या दारात उभा राहिलो, सेक्रेटरींना म्हटलं, नळी आहे तशीच असू द्या, दहा मिनिटं हीटर लावा आणि बाहेर या. दार लोटून फटीतून यंत्र आत धरलं. वीस, चाळीस, सत्तर, एकशे दहा. माझ्या हातात ते घाबरलेल्या पाखरासारखं थरथरत होतं.

खुर्ची फटीतून दिसत होती. मी लगेच दार लावलं नाही. सेक्रेटरींनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे ओढलं, तेव्हा लावलं.

२८ जानेवारी

नळी बसवली. खिडकी मोकळी केली. दिवसभर खोलीत बसलो. डोकं शांत, हात शांत.

कोणी आलं नाही.

२ फेब्रुवारी

चिमणी पुन्हा उडायला तयार झाली. मी म्हटलं, महिनाभर थांब. ती म्हणाली, "आज नाही उडाले तर मग कधीच नाही. कॅप्टनसाहेबांसारखी घरी बसेन. तुम्ही चला बरोबर."

"मला काय कळतं उडवण्यातलं?"

"उडवू नका. शेजारी बसा."

नवा सायलेन्सर, नवे सांधे. यंत्राचं शून्य माळावर केलेलं, तिची आणि माझी सही. टोपडं काढून टाकलं. निघालो. डोंगरावर आलो तेव्हा खाली सगळं निळंराखाडी होतं आणि आत नुसता इंजिनाचा एकसुरी आवाज. थंडीने माझे गुडघे वाजत होते. हीटरच्या बोंडाला दोघांपैकी कोणीच हात लावला नाही. खिडकीही दोन बोटं उघडी ठेवली होती, तिने की मी, आठवत नाही.

"किती दाखवतंय?" ती म्हणाली.

"शून्य."

शून्य पाहून सुटकेचा श्वास घ्यावा तर तोही घेववेना. इतके दिवस तोच आकडा माझ्याकडे पाहून असाच साळसूद बसला होता.

थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं, "आता?"

"शून्यच."

"आजोबा, बोलत राहा. काहीही बोला."

मग मी बोलत राहिलो. दोर गोठतात ते, सेक्रेटरींचं नवं स्वेटर, माझ्या चष्म्याचा नंबर वाढलेला नाहीच असं डॉक्टर म्हणाले ते, तोंडाला येईल ते. ती हो हो करत होती, हसत होती, आणि मधूनच तिची मान मागच्या सीटकडे वळायला लागायची, मग ती मान जोराने समोर आणायची. मी ते पाहिलं. माझी मान कशी वागत होती, ते तिनेही पाहिलं असेल. पलीकडची धावपट्टी दिसेपर्यंत आम्ही क्षणभरही गप्प बसलो नाही. ती भीतीने बोलत होती. मी का बोलत होतो ते तिला सांगितलं नाही. मला अक्काचं वाचन ऐकायचं होतं, आणि ऐकलं असतं तर मी तिला खिडकी उघडायला सांगितलं असतं की पान संपेपर्यंत थांबलो असतो, याची मला खात्री नव्हती.